साने गुरुजी आणि आपला रविवारचा वर्ग

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेहाला येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत एक दिवस आम्हांस मिळाला, याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे आभारी आहोत. विषय सुचविला गेला होता तो 'परप्रांतात मराठी संस्कृतीचे जतन' असा. विषय फार मोठा आहे, आणि अशा विषयांवरील भाषणे ऐकून झाल्यावर श्रोते समाधानाने जेवावयास जातात, हा अनुभव आपणां सर्वांनाच आहे. म्हणून आम्ही त्यातील एक लहानसा कोपरा घेतला. एक लेखक, त्याचे एक पुस्तक, आणि आपल्या मंडळाच्या मागच्या खोलीत रविवारी सकाळी दहा वाजता भरणारा मुलांचा वर्ग, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत. हा वर्ग बंद करून ती खोली लहानसहान समारंभांसाठी भाड्याने द्यावी, असा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. तेव्हा आमचे हे बोलणे अगदीच निर्हेतुक नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

वर्गाची आजची पटसंख्या सात. कधी काळी ती बावीस होती. सातांपैकी चौघांना देवनागरी वाचता येते, पण ते येते शाळेतल्या हिंदीमुळे. मराठी वाक्य ही मुले हिंदीच्या चालीवर वाचतात, आणि 'ळ' आला की अडखळतात. आपसांत ती बंगालीत बोलतात. भांडतात तर निश्चितच बंगालीत. यात त्यांचा दोष नाही. डायमंड हार्बर रस्त्यावरच्या शाळेत जाणारे, पर्णश्रीच्या मैदानात खेळणारे, पूजेच्या दिवसांत बडिशापासून तारातल्यापर्यंत मंडप पाहत पायी हिंडणारे मूल दुसरे काय बोलणार? आपण मंडळी नोकरीच्या निमित्ताने येथे आलो. कुणी बंदरात, कुणी बँकेत, कुणी कारखान्यात. तीन वर्षांनी परत जाऊ म्हणून आलो आणि राहिलो. आपल्याला 'गाव' आहे. मुलांना 'पाडा' आहे.

या मुलांना मराठी माणसाची पहिली ओळख कशी होते, हेही सांगण्यासारखे आहे. बंगालमध्ये मुलाला निजविताना एक जुने गाणे म्हणतात. पाडा शांत झाला आणि देशात बर्गी आले, अशा आशयाचे. हे बर्गी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे स्वार. १७४१ पासून १७५१ पर्यंत दहा वर्षे त्यांच्या स्वाऱ्या या प्रांतावर झाल्या. त्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्त्याभोवती खंदक खणण्यात आला, तो 'मराठा डिच'. खंदक पुढे बुजला आणि तेथे सर्क्युलर रोड झाला. गाणे मात्र बुजले नाही. आमच्या वर्गातील एका सहा वर्षांच्या चिमुरडीला शेजारच्या मुलाने सांगितले, "तुम्ही बर्गी." ती रडत वर्गात आली आणि आम्हांला विचारू लागली, की आपण कुणाचे धान्य लुटले होते काय? शिवछत्रपतींच्या गोष्टी आम्हांला तोंडपाठ होत्या. या प्रश्नाची तयारी मात्र नव्हती. लुटले होते, असे खरे उत्तर द्यावे लागले. त्याबरोबरच असेही सांगितले, की देवघर भागात राहणाऱ्या एका मराठी घराण्यातील सखाराम गणेश देऊस्कर (१८६९–१९१२) यांनी बंगालीत 'देशेर कथा' नावाचा ग्रंथ १९०४ साली लिहिला, स्वदेशीच्या चळवळीत तो बंगाली तरुणांच्या हातोहाती फिरला आणि सरकारला तो जप्त करावा लागला. बर्गीही आपले आणि देऊस्करही आपले. चिमुरडीचे समाधान झाले की नाही कोण जाणे, पण रडणे थांबले.

त्याच आठवड्यात आम्ही ठरविले, की वर्गात सुभाषिते आणि म्हणी पाठ करवून घेणे पुरे. एक सबंध पुस्तक वाचावयाचे. पुस्तक कोणते, याविषयी फार चर्चा झाली नाही. बहुतेक घरांत एकच होते. ते म्हणजे 'श्यामची आई'. कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या देवघराशेजारी, एका घरी तर पुठ्ठा गेलेले आणि खाकी कागद घातलेले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, पण वडिलांच्या काळापर्यंत उतरती कळा लागलेली. कर्ज, दावे, जप्ती. मुलगा शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे असा भटकला. १९१७ साली आई वारली तेव्हा तो घरापासून दूरच होता आणि अखेरची भेट घडली नाही. 'श्यामची आई' या पुस्तकाचे मूळ या न घडलेल्या भेटीत आहे, असे आम्हांला नेहमी वाटते. आपल्यापैकी किती जणांना अशी तार, आणि पुढच्या काळात असा फोन, याच शहरात आलेला आहे! हावड्याहून मेल गाडीने निघून पोहोचेपर्यंत सारे आटोपलेले असे. त्यामुळे या पुस्तकाची शेवटची प्रकरणे येथल्या मोठ्या माणसांना मोठ्याने वाचता येत नाहीत. ती मुलांकडून वाचून घ्यावी लागतात.

एम. ए. झाल्यावर १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तेथल्या छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. गुरुजींच्या चरित्रातील हा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आईबापांपासून दूर आलेली खानदेशातल्या खेड्यांतील ही मुले. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे नीट करीत, कपडे धुऊन ठेवीत. रागावण्याची कला त्यांना साधली नाही. आणि या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढीत. दैनिक, मासिक नव्हे! मराठीतील एका मोठ्या बाललेखकाची लेखणी प्रथम घासली गेली ती छापखान्यासाठी नव्हे; भिंतीशी उभे राहून वाचणाऱ्या, घर सोडून आलेल्या मुलांसाठी ती चालत होती. परमुलखातील मंडळाने आपल्या मुलांसाठी काय करावे, असा प्रश्न आपल्याला पडतो तेव्हा आम्ही मोठमोठ्या योजना आखतो. एक माणूस रोज सकाळी एक कागद लिहून लावीत असे, हे आम्हांला आठवत नाही.

१९३० साली त्यांनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. येथून पुढची त्यांची पुस्तके बहुतांशी तुरुंगांची देणगी आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा अध्यायांची अठरा प्रवचने. ती उतरून घेतली गुरुजींनी. आज 'गीता प्रवचने' घरोघर आहे, त्यामागे या हाताचा वेग आहे. आणि पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात, गुरुवार ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी 'श्यामची आई' लिहावयास घेतली व सोमवार १३ फेब्रुवारीच्या पहाटे लेखणी खाली ठेवली. काही भाग त्यांनी सुटल्यावर लिहिला; पण या पुस्तकाचा गाभा या पाच दिवसांत झाला. छापील पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री आपल्या आईची एक आठवण सांगतो, अशी मांडणी. बेचाळीस रात्री म्हणजे आमच्या हिशेबाने बेचाळीस रविवार. पूजा, परीक्षा आणि पावसात तुंबणारे रस्ते धरून वर्ष सव्वा वर्ष. आम्हांला पावणेदोन वर्षे लागली आणि अजून आठ रात्री उरल्या आहेत.

वाचनातील पहिली अडचण शब्दांची. ओचा, मोळी, न्हाणी, गोठा, सोवळे. चौथ्या मजल्यावर वाढलेल्या मुलाला यातले काय कळणार? 'पत्रावळ' आली तेव्हा आम्ही फळ्यावर चित्र काढू लागलो, तर मागून एक मुलगी म्हणाली, "शालपाता!" बरोबर होते. येथे पूजेच्या प्रसादाला शालाच्या पानांच्या पत्रावळी असतातच. मग मुलांना चटक लागली. प्रत्येक कठीण मराठी शब्दासाठी ती एक बंगाली शब्द शोधून आणू लागली. आणि आम्ही काय केले? फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले, 'वर्गात फक्त मराठीत बोलावे.' त्या वेळी तो आम्हांला फार मोठा निर्धार वाटला होता.

आणि गुरुजी स्वतः? १९३० साली त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवले होते. तेथे निरनिराळ्या प्रांतांचे राजबंदी एकत्र होते, पण एकमेकांशी बोलावयास सामायिक भाषा नव्हती. बहुतेकांनी अशा वेळी इंग्रजीवर निभावून नेले असते. गुरुजी तमिळ शिकले. तिरुवल्लुवरांचे 'कुरळ' त्यांनी मराठीत आणले. आणि त्याच तुरुंगात ते बंगाली शिकले. बंधुभगिनींनो, हे आम्हांला या वर्गाच्या निमित्ताने पुन्हा वाचन करताना कळले, आणि फळ्याच्या कोपऱ्याकडे पाहण्याची लाज वाटली. देशबंधू चित्तरंजन दासांचे चरित्र या माणसाने मराठीत लिहिले, ते केवळ राजकीय भक्तीने नव्हे. ज्या भाषेच्या गावात आपण चाळीस चाळीस वर्षे काढली आणि भाजीवाल्यापलीकडे जिचा उपयोग केला नाही, ती भाषा तो कोठडीत बसून शिकला होता.

या अनुभवातून पुढे 'आंतरभारती'ची कल्पना निघाली. १९४९ साली पुणे येथे भरलेल्या साहित्य संमेलनात गुरुजींनी ती मांडली. प्रांतोप्रांतींच्या भाषा शिकविणारी, एकमेकींचे साहित्य आणि कला एकमेकींकडे नेणारी एक संस्था असावी. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीचा आदर्श डोळ्यांपुढे होताच. विश्वाशी नाते जोडण्यापूर्वी शेजाऱ्याशी जोडावे, एवढाच फरक. ती संस्था त्यांच्या हयातीत उभी राहिली नाही. त्यांच्यामागे प्रकाशभाई मोहाडीकरांनी 'साने गुरुजी कथामाला' शाळाशाळांतून नेली, यदुनाथ थत्ते यांच्यासारख्यांनी आंतरभारतीचे काम पुढे चालविले. माणगावजवळ वडघर येथील राष्ट्रीय स्मारकात अनुवादाचे काम चालते. हे सारे चांगलेच आहे. पण प्रांतांच्या सीमेवर, दोन भाषांच्या मधोमध राहणारी जी आपल्यासारखी मंडळे, ती आंतरभारतीची आयती शाखा होती आणि आपण तिथे हळदीकुंकू आणि कोजागरी यांपलीकडे गेलो नाही, असे आम्हांला वाटते. कोजागरीच्या रात्री शेजारच्या घरोघरी लक्ष्मीपूजा चालू असते. आपण गच्चीवर दूध आटवीत असतो. वीस पावलांचे अंतर आहे.

आता वर्गातली एक घटना सांगतो, जिच्यासाठी आम्ही खरे म्हणजे आज उभे आहोत.

पुस्तकात एक म्हातारी आहे. अस्पृश्य मानलेल्या जातीची. तिच्या डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडली आहे, आणि ती पुन्हा डोक्यावर चढवावयास कुणी हात लावीत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, की तू जाऊन तिला मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या काळच्या कोकणातील ब्राह्मण घरात एवढेही फार होते, हे आपण मोठी माणसे समजतो आणि पुढचे पान उलटतो. वर्गातील एका मुलीने पान उलटू दिले नाही. "काकू, मोळी उचलून दिली ते चांगले केले ना? मग आंघोळ कशाला?"

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी पुस्तक मिटून ठेवले आणि पंढरपूरची हकीकत सांगितली. १९४७ साल. स्वातंत्र्य दाराशी आलेले. आणि पंढरीच्या विठोबाच्या देवळात हरिजनांना मज्जाव. चोखोबाची समाधी ज्या देवळाच्या पायरीशी आहे, त्या देवळात! गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर हिंडून लोकमत जागे केले आणि १ मे रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले. दहाव्या दिवशी, मंदिर खुले होण्याची निश्चिती झाल्यावर, उपोषण सुटले. श्याम तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. आई त्याला जेथपर्यंत घेऊन आली होती तेथून पुढचा रस्ता तो एकटा चालला. आईने सांगितलेली मोळी त्याने उचलली, आणि आंघोळ सोडून दिली. मुलांना हे लगेच कळले.

यावर आपल्यातीलच एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांला बाजूस घेऊन सांगितले, की परप्रांतात मुलांना जातपात कशाला सांगता, येथे आपण सारे मराठी आहोत. त्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु हे प्रकरण गाळून 'श्यामची आई' वाचणे म्हणजे नुसते श्यामचे रडणे वाचणे. गुरुजींच्या लेखनात अश्रू फार, हा आक्षेप जुना आहे आणि काही अंशी खराही आहे. मनाचा हळवेपणा कित्येक ठिकाणी भाषेला भिजवून टाकतो. गोड गोष्टींतील कित्येक कथा आज पातळ वाटतात. पण ज्याला जन्मभर रडका म्हटले, तोच माणूस शतकांची कुलुपे उघडावयास एकटा बसू शकला, हेही मुलांना दिसले पाहिजे.

आता आमची स्वतःची चूक. या वर्गातील एका मुलीबरोबर तिचा शाळेतला एक बंगाली मित्र येऊ लागला होता. शाळेच्या बसमध्ये ती त्याला श्यामच्या गोष्टी बंगालीत सांगत असे. त्याला पुढचे ऐकावयाचे होते. दोन रविवार तो दाराशी चप्पल काढून शेवटच्या चटईवर बसला. तिसऱ्या रविवारी आम्ही त्याला सांगितले, की हा वर्ग सभासदांच्या मुलांसाठी आहे. नियम तसाच होता. तो काही न बोलता चप्पल घालून गेला. पुढच्या रविवारपासून ती मुलगीही आली नाही. आठांचे सात झाले. मोळीची गोष्ट आम्ही वाचली ती त्यानंतर तीन आठवड्यांनी, आणि आंघोळीचा प्रश्न विचारला गेला तेव्हा आम्ही गप्प का झालो, ते आता आपल्या ध्यानी येईल.

आम्ही त्याच्या घरी गेलो. मुलगा क्लासला गेला होता. घरी त्याची आजी होती, ऐंशीच्या आसपासची. आमच्या मोडक्या बंगालीत आम्ही क्षमा मागितली. तिने नारळाचे नाडू पुढे ठेवले, आणि श्याम कोण ते विचारले. आम्ही सांगू लागलो. गरीब ब्राह्मणाचे घर, कर्ज, आई, दारावर आलेली जप्ती. ती मध्येच म्हणाली, "ओ, अपूर मतो." अपूसारखा! खरेच होते, आणि आम्हांला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. विभूतिभूषणांचा अपू १९२९ साली पुस्तकात आला, श्याम त्यानंतर चार वर्षांनी तुरुंगात लिहिला गेला. दोघेही पडक्या घरातले, दोघांच्याही आया दारिद्र्याशी झगडणाऱ्या. आणि योगायोग पाहा. उत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रथम दिले गेले ते आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या 'श्यामची आई'ला. आणि १९५५ च्या चित्रपटांतून ते मिळाले सत्यजित रायांच्या 'पथेर पांचाली'ला. एका घराच्या दोन खोल्याच जणू.

मग आजीने विचारले, "तुमचा श्याम पुन्हा आपल्या घरी गेला का?" पालगडचे ते घर आजही आहे, तेथे गुरुजींचे स्मारक केले आहे, असे आम्ही सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. १९५० साली ती लहानपणी आईचे बोट धरून बारिसालहून आली होती. तेथे घराच्या जागी काय आहे ते तिला ठाऊक नाही. आपण दूर आलो म्हणतो, बंधुभगिनींनो. पण आपले तिकीट परतीचे होते.

घर गेलेल्यांचा विषय निघाला म्हणून एका दूरच्या लेखकाचे नाव घेतो. घस्सान कनाफानी हा पॅलेस्टिनी लेखक. १९३६ साली अक्का या बंदराच्या गावी जन्मला, १९४८ साली बारा वर्षांचा असताना कुटुंबासह निर्वासित झाला, आणि तरुणपणी दमास्कसच्या निर्वासितांच्या छावणीतील शाळेत शिक्षक झाला. गुरुजींप्रमाणे तोही आधी मुलांचा शिक्षक, मग लेखक. गुरुजींनी आयुष्याच्या अखेरीस पुतणी सुधा हिला जी 'सुंदर पत्रे' लिहिली, ती आपण वाचली आहेत. कनाफानीची लाडकी भाची लमीस. १९६३ साली तिच्या वाढदिवसासाठी त्याने एक गोष्ट लिहिली आणि चित्रेही स्वतःच काढली. 'छोटा कंदील' असे तिचे नाव मराठीत होईल. राजा मरताना राजकन्येला आज्ञा करून जातो, की तुला राणी व्हावयाचे असेल तर सूर्य महालात आण. ती नाना यत्न करते. महालाच्या दाराशी एक म्हातारा लहानसा कंदील घेऊन रोज येतो आणि पहारेकरी त्याला रोज हाकलतात. एका लहान कंदिलाला जो महाल आत घेत नाही तो सूर्याला कसा घेणार, हे राजकन्येला उशिरा उमगते. मग गावोगावचे कंदीलवाले बोलाविले जातात. त्यांना दारे अरुंद पडतात, भिंती पाडाव्या लागतात, आणि भिंती पडल्यावर सूर्य आपण होऊनच आत येतो.

या लेखकाचे राजकारण सशस्त्र लढ्याचे होते. गुरुजींचा मार्ग उपोषणाचा. तेथे दोघांची तुलना होऊ शकत नाही आणि आम्ही ती करीतही नाही. ८ जुलै १९७२ रोजी बैरूतमध्ये त्याच्या मोटारीत बाँब उडाला, त्यात तो गेला. शेजारी लमीस होती. सतरा वर्षांची. तीही गेली. ही गोष्ट आम्ही वर्गात सांगितली. लमीसचे पुढे काय झाले, ते मात्र मुलांना सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही.

गुरुजींचे काय झाले, हे मात्र विचारले. त्याला टाळता आले नाही. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. लिहीत राहिले, बोलत राहिले. आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपविली. पन्नास वर्षे आणि साडेपाच महिने. आपण सुवर्णमहोत्सव साजरा करतो आहोत तेवढेच त्यांचे अवघे आयुष्य. ज्याने हजारो मुलांना हसत जगावे म्हणून सांगितले त्याने असे का केले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मुलांना आम्ही इतकेच सांगितले, की मन आजारी पडते, फार चांगल्या माणसांचेही पडते, आणि त्यांनी ते दुःख कुणाजवळ उघडे करावयास हवे होते. मोठ्या मुलाने विचारले, "ते सगळ्यांना पत्रं लिहायचे, मग त्यांना कोण लिहायचं?" आम्ही तो प्रश्न घरी घेऊन आलो. परगावी एकट्या राहणाऱ्या आपल्या दोघातिघा वृद्ध सभासदांकडे त्या आठवड्यात मुले स्वतः जाऊन आली, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक आहे. कार्यक्रम म्हणून ते आखलेले नव्हते, म्हणून अहवालात आलेले नाही.

आता खोलीचा प्रश्न. ती भाड्याने दिल्यास मंडळाला उत्पन्न होईल, हे खरे. जोका ते माझेरहाट मेट्रो झाल्यापासून या भागात जागेला मागणी आहे, हेही खरे. आणि सात मुलांसाठी खोली अडवून ठेवणे हिशेबात बसत नाही, हे कोषाध्यक्षांचे म्हणणे आम्ही अमान्य करीत नाही. आमची सूचना इतकीच आहे, की प्रस्तावावर मत घेण्यापूर्वी सभासदत्वाचा तो नियम एका वर्षापुरता काढून पाहावा. ज्याला यावेसे वाटेल त्या मुलाने यावे. मराठी असो, बंगाली असो, आमच्या इमारतीच्या ओडिया दरवानाचा मुलगा असो. वर्गात पहिला तास 'श्यामची आई', दुसरा तास बंगालीतले एखादे पुस्तक, आणि ते वाचून दाखवावयास बारिसालच्या त्या आजींनी होकार दिला आहे. त्यांना जिना चढवत नाही, तेव्हा खाली पटांगणाकडच्या बाजूस बसावे लागेल. फळ्याच्या कोपऱ्यातली ती ओळ आम्ही पुसली आहे.

येत्या रविवारी पस्तिसावी रात्र आहे. तो मुलगा येणार आहे, त्याने तसा निरोप पाठविला आहे, आणि त्याच्याबरोबर आपली रुसलेली मुलगीही येईल असे दिसते. चटया कमी पडतील. ज्यांच्या घरी जादा असतील त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत कार्यालयात आणून द्याव्यात.